परवानगी नाकारल्यावर अपील करावे की नकाशा बदलावा?

धागाकर्ती:
इंग्लंडमधील आमच्या सेमी-डिटॅच्ड (एका बाजूने शेजारच्या घराला जोडलेल्या) घराच्या मागे, तळमजल्यापुरते आणि ४.५ मीटर बाहेर येणारे बांधकाम करण्याचा आमचा अर्ज कौन्सिलने नामंजूर केला आहे. सासऱ्यांना आता जिना चढवत नाही, म्हणून खालीच खोली आणि न्हाणीघर हवे होते. शेजारच्या जेवणघराच्या खिडकीच्या मध्यापासून काढलेली ४५ अंशांची रेघ आमच्या भिंतीला छेदते आणि त्यामुळे तिथला उजेड कमी होईल, एवढे एकच कारण दिले आहे. मी स्वतः नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली. खिडकीचा मध्य हद्दीपासून ३ मीटरवर आहे, त्यामुळे हद्दीलगतच्या भिंतीचा शेवटचा दीड मीटर खरोखरच रेघेपलीकडे जातो. कारण खरे असेल तर अपिलात महिने घालवण्यापेक्षा नकाशा बदलावा, असे माझे मत आहे. हद्दीकडचा दीड मीटर लांबी-रुंदीचा कोपरा कापला, तर सासऱ्यांचा पलंग राहतो, फक्त कपाट जाते.

पहिला प्रतिसाद:
मी असहमत आहे. ४५ अंशांची रेघ हा कायदा नव्हे, ते केवळ मार्गदर्शन आहे. त्या जेवणघराला दुसरी खिडकी असेल आणि अधिकाऱ्याने आपल्या अहवालात तिचा विचारच केला नसेल, तर हाच मुद्दा प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटपुढे, म्हणजे अशी अपिले ऐकणाऱ्या सरकारी संस्थेपुढे, मांडायला हवा. निकालाच्या तारखेपासून १२ आठवड्यांची मुदत असते आणि अपिलाला शुल्क नाही. उलट नव्या अर्जाचे शुल्क १ एप्रिल २०२५ पासून २५८ पौंडांवरून ५२८ पौंड झाले, आणि पूर्वी मिळणारी विनाशुल्क फेरअर्जाची सवलत डिसेंबर २०२३ मध्येच बंद झाली. चुकीचा निर्णय मुकाट्याने मान्य केला, तर तो बरोबर होता असाच अर्थ निघतो.

दुसरा प्रतिसाद:
दोघांचेही एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाले आहे. सेमी-डिटॅच्ड घराला मागे ३ मीटरपर्यंत, उंचीच्या व इतर अटी पाळून, अर्जाशिवायच बांधता येते, आणि ६ मीटरपर्यंत ‘प्रायर अप्रूव्हल’चा, म्हणजे पूर्ण अर्जाऐवजी कौन्सिलची पूर्वसंमती घेण्याचा, मार्ग आहे. त्यात कौन्सिल लगतच्या शेजाऱ्यांना कळवते. त्यांपैकी कोणीच हरकत घेतली नाही, तर उजेडाचा प्रश्न तपासलाच जात नाही. तुमच्या शेजाऱ्यांनी मागच्या वेळी हरकत घेतली होती का? नसेल, तर हेच ४.५ मीटर तुम्हाला मिळू शकतात.

धागाकर्ती:
शेजाऱ्यांनी हरकत घेतली नव्हती, आणि म्हणूनच मला हा मार्ग नकोसा वाटतो. शेजारच्या आजी एकट्या राहतात आणि दुपारी त्याच खिडकीशी बसून विणकाम करतात. मागच्या वेळी कौन्सिलकडून आलेले पत्र त्यांनी उघडले तरी असेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. त्यांचे गप्प राहणे म्हणजे संमती, असे मी मानणार नाही. त्या जेवणघराला दुसरी खिडकी नाही, हे मी त्यांच्याकडे चहाला गेले असताना पाहिले आहे, त्यामुळे अपिलाचा आधारही उरत नाही. शिवाय अपिलात बदललेला नकाशा सहसा स्वीकारत नाहीत, आणि अपील फेटाळले गेले तर तो निर्णय पुढच्या अर्जाच्या वेळी आपल्याविरुद्ध पुढे केला जातो.

पहिला प्रतिसाद:
खिडकी एकच असेल, तर माझा मुख्य मुद्दा मी मागे घेतो. तरीही १२ आठवड्यांची तारीख लिहून ठेवा. बदललेला अर्ज आजच द्या; तो मुदतीच्या आत नामंजूर झाला, तर जुन्या निर्णयावर अपील करण्याचा तुमचा हक्क शाबूत राहतो. सासऱ्यांच्या प्रकृतीचा उल्लेख जरूर करा, पण बांधकाम माणसापेक्षा जास्त टिकते या कारणाने त्याला सहसा कमी वजन दिले जाते, हे गृहीत धरूनच करा.

धागाकर्ती:
हे मान्य आहे. कोपरा कापलेला नकाशा याच आठवड्यात दाखल करते, पण त्याआधी तो आजींच्या टेबलावर पसरून रेघ कुठे येते ते त्यांना दाखवणार आहे.