शब्दचर्चा : वेड ‘लागतं’, टेन्शन ‘घेतात’. मग ‘नैराश्या’ला वऱ्हाडीत काय म्हणायचं?

खारपाणपट्टा

नमस्कार मंडळी. मी दर्यापूर तालुक्यात एका उपकेंद्रावर नर्स आहे. घरोघरी जाऊन भरायचा एक कागद आमच्या हातात आला आहे. त्यात नऊ प्रश्न आहेत आणि सगळे ‘गेल्या दोन आठवड्यांत’ने सुरू होतात. पैकी एक ‘खिन्न, निराश किंवा हताश वाटले का?’ असा आहे.

परवा एका बुढीला तो वाचून दाखवला. ती म्हणाली, “खिन्न म्हंजे काय वो बाई?” सुनेनं मधेच सांगितलं, “उदास, आत्याबाई.” बुढी म्हणाली, “उदास कायची? मस्त जेवली मी.” तिच्या बाजूच्या ताटलीत अर्धी भाकर तशीच पडली होती आणि त्यावर मुंग्या लागल्या होत्या. कागदावर मी ‘नाही’ला खूण केली, कारण ती नाहीच म्हणाली.

तर प्रश्न असा, की नैराश्याला आपल्याकडे बोलीत शब्द आहे का? येडं, पागल हे नको, आणि ‘बाहेरचं’ तर नकोच नको.

वाशीमचा, सध्या पुण्यात

‘अवसाद’ सुचवतो. अर्थाला नेमका आहे, कानालाही बरा लागतो.

एसटी थांबा

दादा, आमच्या चिखलीकडं अवसाद म्हटलं तर लोक हात पुढं करतील, प्रसाद समजून.

जुनी पोथी

ताईंना हवा तो शब्द माझ्याकडे नाही, पण नको असलेल्यांपैकी एकाबद्दल सांगतो. जुन्या मराठीत वेड्याला ‘पिसा’ म्हणत. आता तो फक्त ‘वेडापिसा’ या जोडीत उरला आहे. त्याचं मूळ संस्कृत ‘पिशाच’. म्हणजे ज्याला पिशाच लागलं, तो पिसा. कारण काय मानत होते ते शब्दाच्या पोटातच आहे, वेगळं सांगावं लागत नाही. ‘पिसाळलेलं’ कुत्रंही त्याच घरातलं. त्याच्या लाळेत विषाणू असतो हे आता शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे, पण शब्दातलं पिशाच काही हललं नाही.

गंमत पुढे आहे. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर हे महानुभावांचं मोठं स्थान. तेराव्या शतकात तिथे गोविंदप्रभू, म्हणजे गुंडम राऊळ, राहत. ते मुलांबरोबर खेळत, कोणाच्याही घरात शिरून हवं ते खात, एकटेच बोलत. म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. त्यात गावचे लोक त्यांना पिसे म्हणतात आणि तेच लोक माय-बापही म्हणतात, दोन्ही एकाच गल्लीत. पिसेपण तेव्हा नुसता रोग नव्हतं. तो माणूस देवाच्या जवळचाही असू शकत होता. आज आपण तशा माणसाला काय म्हणू, आणि कुठे नेऊ?

एसटी थांबा

कुठं नेऊ याचं उत्तर आमच्याकडं तयार आहे, सैलानीले. बुलडाण्याजवळ पिंपळगाव सराईला सैलानीबाबांचा दर्गा आहे. होळीच्या टायमाले यात्रा भरते, नारळांची होळी पेटते. सगळ्या जातिधर्माचे लोक येतात आणि घरच्या ‘लागलेल्या’ माणसाले संगं आणतात. आमच्या गावात कोणी वेडंवाकडं बोललं की गमतीनं म्हणतात, “याले सैलानीले न्या लागते.” तुमच्या पुण्यात येरवड्याचं नाव घेतात, मुंबईकडं ठाण्याचं, तसंच हे.

मी लहान असताना शेजारचा एक पोरगा तिथं नेला होता. पायात साखळी, साखळीले कुलूप, किल्ली त्याच्या मायच्या कमरेले. ती त्याले केळं सोलून खाऊ घालत होती, एक हात साखळीवर ठेवून. त्या माउलीले मी दोष देत नाई. दुसरी जागाच माहीत नोती तिले. पण २००१ मध्ये तमिळनाडूत एरवाडीले दर्ग्याजवळच्या एका आश्रमात आग लागली आणि साखळीले बांधलेले २८ जण पळता न आल्यानं गेले. तवापासून ते केळं आठवलं की पोटात गोळा येते.

आता कायदाही आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाले दोरानं-साखळीनं बांधून मारणं हा गुन्हा झाला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाले साखळीत ठेवायलेच बंदी घातली.

पेन्शनर काका

मी एका सरकारी मनोरुग्णालयात वॉर्डात काम करून निवृत्त झालो. कुठल्या ते सोडा. शब्दाची चर्चा आहे म्हणून तीन शब्द देतो.

पहिला, पागलखाना. नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ चं. त्याच्या सहा वर्षं आधी, १८५८ मध्ये, इंग्रजांनी ‘ल्युनॅटिक असायलम’चा कायदा केला होता. त्यातलं ल्युनॅटिक म्हणजे चंद्राच्या कळेनं बिघडणारा. साहेबाला हसू नका, आपल्याकडेही “अवस-पुनवेले जास्त होते” म्हणतातच. नागपूर मध्य प्रांताची राजधानी, हिंदीचा राबता. १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशातच होतो. म्हणून पश्चिम महाराष्ट्रात ‘वेड्यांचं इस्पितळ’ झालं आणि आपल्याकडे पागलखाना. १९१२ च्या कायद्यातही ल्युनॅटिकच होता. १९२० च्या दशकात पाट्या बदलून ‘मेंटल हॉस्पिटल’ झाल्या. १९८७ च्या कायद्यानं ल्युनॅटिकला कागदावरून काढलं. पण नागपुरात ऑटोवाल्याला आजही पागलखाना चौकच सांगावा लागतो. आणि ‘मेंटल’चं काय झालं ते बघा. सभ्य म्हणून आणलेला शब्द आता पोट्टे एकमेकांना शिवी म्हणून देतात. ‘मनोरुग्ण’ही त्याच वाटेनं निघाला आहे असं मला वाटतं.

दुसरा, करंट, म्हणजे डोक्याला देतात तो विजेचा झटका. “त्याले करंट देल्ला.” ही रीत १९३८ मध्ये रोममध्ये सुरू झाली. मी लागलो तेव्हा आमच्याकडे भूल न देता देत. आम्ही चौघं हातपाय धरायचो, दातात कापडाची गुंडाळी. कित्येकांना गुण यायचा हे खरं आहे, पण पुढच्या वेळी त्याच माणसाला खोलीपर्यंत नेताना त्याचे डोळे बघवत नसत. आता भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ते करता येत नाही, २०१७ च्या कायद्यानं मनाई आहे. लहान मुलांना तर जवळजवळ बंदच. उपचार पुष्कळ बदलला, ‘करंट’ शब्द मात्र त्या जुन्या खोलीतच अडकून आहे. नातेवाईक तो ऐकला की रुग्णाला उचलून घरी नेतात.

तिसरा, झोपेच्या गोळ्या. हा सगळ्यात घातकी. १९५२ मध्ये पॅरिसात क्लोरप्रोमाझिन वापरात आलं आणि वर्षानुवर्षं कोंडलेली माणसं घरी जाऊ लागली. त्याच सुमारास आपल्याच सर्पगंधेतून रेसर्पिन काढलं. तिचा वेडावरचा गुण गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच छापला होता. बिहारकडे त्या झाडाला ‘पागल की बूटी’ म्हणतच असत. एवढं सगळं होऊन गावात प्रत्येक गोळीचं नाव एकच, झोपेची. मग घरचे काय म्हणतात? “आता झोपते तो चांगला, बंद करा.” तीन महिन्यांत माणूस परत वॉर्डात. एका शब्दापायी.

पांढरं सोनं

काका, चौथा शब्द मी देतो, टेन्शन. यवतमाळात सगळं टेन्शनच आहे. बँकेचं, पावसाचं, बोंडअळीचं, पोरीच्या लग्नाचं.

पण त्याच्यासंगं येणारं क्रियापद पाहा. भूत लागते, नजर लागते, येड लागते. लागलं म्हणजे बाहेरून आलं, माणसाचा काही कसूर नाही. आणि जे लागते ते उतरवता येते. लिंबू उतरवा, अंगारा लावा, निदान घरचे चार लोक धावपळ तरी करतात. टेन्शनले मात्र आपण ‘घेते’ म्हणतो. “तू काऊन टेन्शन घेते बे?” जसं काही त्यानं दुकानात जाऊन विकत आणलं! लागणाऱ्याले मांत्रिक होता, घेणाऱ्याले फक्त टोमणा.

माझ्या चुलत्याले आम्ही सगळे असंच म्हणत होतो, “टेन्शन घेऊ नको, भाऊ.” वर्षभर म्हणत होतो. एके रात्री फवारणीचा डबा घेऊन बसला होता, काकूनं पाहिलं म्हणून वाचला. नंतर वकिलानं सांगितलं, की आता आत्महत्येचा प्रयत्न केला तर तो माणूस तीव्र ताणाखाली होता असंच कायदा धरून चालतो, शिक्षा होत नाही. म्हणजे सरकारले समजलं की हे घेतलेलं नसते. आम्हा घरच्यांले समजलं नाही.

जुनी पोथी

सोनंभाऊ, क्रियापद अगदी बरोबर पकडलंत. हा झगडा फार जुना आहे. चरकानं उन्मादाचे पाच प्रकार सांगितले. चार शरीरातल्या दोषांचे, वात-पित्त-कफ आणि तिन्ही मिळून. पाचवा आगंतुक, म्हणजे देव, गंधर्व, पिशाच यांच्यामुळे येणारा. म्हणजे ‘लागणं’ त्यानं नाकारलं नाही. पण लगेच बजावलं, की माणूस आधी स्वतःहून बिघडलेला नसेल तर देव, गंधर्व, पिशाच, राक्षस कोणीच त्याला त्रास देत नाहीत. मूळ प्रज्ञापराधात, बुद्धीच्या चुकीत.

मांत्रिकापासून सुटका झाली खरी, पण दोष रुग्णाच्या पदरात आला. तुमचं ‘टेन्शन घेणं’ मला त्या प्रज्ञापराधाचं नातवंड वाटतं.

वाशीमचा, सध्या पुण्यात

अवसाद मागे घेतो. अमरावती जिल्ह्यात ३० गावांमध्ये नैराश्यावर एक कार्यक्रम झाला होता, ‘विश्राम’ नावाचा. विदर्भ, ताण आणि आरोग्य या तिघांच्या इंग्रजी शब्दांतून नाव जुळवलेलं, पण मराठीत किती सरळ बसलं. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघरी बोलायला पाठवलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणारे आधी शंभरात चार होते, दीड वर्षानं सत्तावीस झाले. तिथे गेलेल्यांनी शब्द कोणता वापरला हे ताईंनी शोधावं, पुण्यात बसून मी सुचवण्यापेक्षा बरं.

एसटी थांबा

पाहा दादा, असं बोला ना!

खारपाणपट्टा

सगळ्यांचे आभार. क्रियापदाचं वाचून मी नाम शोधणं सोडलं. बाया काय बोलतात ते चार दिवस नुसतं वहीत टिपलं : “जीव घाबरते.” “डोक्श्यात इचार फिरत रायतात.” “हातपाय गयून जातात.” आणि सगळ्यात जास्त वेळा, “जीव लागत नाई.” तिथेही लागणंच आहे, पण उलटं. काही लागलं म्हणून त्रास नाही, कशातच लागत नाही म्हणून त्रास. यात कोणाला भूतही दिसत नाही आणि कोणी ‘घेतलं’ असंही होत नाही.

काल परत त्याच बुढीकडे गेले. कागद पिशवीतच ठेवला. विचारलं, “आजी, कशात जीव लागत नाई असं होते का?”

ती तुरीच्या शेंगा सोलत होती. हात थांबले. म्हणाली, “हाव ना वो माय.”

“कधीपासून?”

“मांगच्या साली तूर जयली तवापासून.”

रकान्यात फक्त दोन आठवडे आहेत. ‘होय’ला खूण केली आणि कडेला पेनानं लिहिलं : मागच्या वर्षीच्या तुरीपासून.