मदत हवी आहे: आंबवलेल्या सॉसेजमधला लिस्टेरिया पीसीआरला दिसतो, प्लेटवर का मिळत नाही?

नमस्कार मंडळी. मांसपदार्थांच्या तपासणीत मायक्रोबायोलॉजीचं काम बघते. शोधायचा असतो लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस, अन्नातून आजार पसरवणारा जंतू; एकदा प्लेटवर वाढवून, एकदा पीसीआरने, म्हणजे त्याचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीने. एका ठिकाणी गाडी अडलीये.

पद्धत आयएसओ ११२९०-१, २०१७ ची आवृत्ती. आधी एन्रिचमेंट, म्हणजे लिस्टेरियाला वाढू देणाऱ्या ब्रॉथमध्ये जंतू वाढवणं: २५ ग्रॅम नमुना २२५ मिली हाफ फ्रेझर ब्रॉथमध्ये, ३० अंशांवर साधारण २५ तास. त्यातला ०.१ मिली १० मिली फ्रेझर ब्रॉथमध्ये, ३७ अंशांवर २४ तास. मग अलोआ आणि पालकॅम या अगार प्लेटा.

कच्च्या खिम्यात मुद्दाम टाकलेला लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस नेमाने परत मिळतो. तोच स्ट्रेन (जंतूचा वाण) आंबवून वाळवलेल्या सॉसेजमध्ये टाकून नमुना काही दिवस फ्रिजमध्ये ठेवला, की पंचाईत. एन्रिचमेंटनंतरचा पीसीआर पॉझिटिव्ह, प्लेट निगेटिव्ह. निगेटिव्ह म्हणजे प्लेट कोरी नाही बरं का! अलोआवर निळ्या-हिरव्या कॉलन्यांची गर्दी असते, फक्त भोवतीचं दुधी वलय नसतं. उचलाव्या त्या कॉलन्या लिस्टेरिया इनोक्युआ या निरुपद्रवी भाऊबंदाच्या निघतात.

वरिष्ठांचं म्हणणं, पीसीआर मेलेल्या पेशींचा डीएनए पकडतोय, सोडून द्या. मला पटत नाही, पण पुरावा काय देऊ? पीसीआर अडला नाही ना हे दाखवणारा इंटर्नल कंट्रोल दरवेळी नीट येतो.

प्रतिसाद १
पुरावा सोपा आहे. नमुना ब्रॉथमध्ये मिसळल्याबरोबर थोडा काढून ठेवा आणि एन्रिचमेंटनंतरच्या नमुन्यासोबत पीसीआरला लावा. सीटी (डीएनए दिसायला लागेपर्यंतच्या पीसीआर-फेऱ्यांचा आकडा) बराच खाली आला तर जंतू वाढलाय, म्हणजे जिवंत होता. मेलेला डीएनए वाढत नाही. सुरुवातीच्या नमुन्यात चरबी आणि रक्तातलं हीम जास्त असतं, त्यामुळे तिथला इंटर्नल कंट्रोल आधी बघा, नाहीतर तुलना फसवी ठरेल.

प्रतिसाद २
मला इनोक्युआवरच संशय आहे. फ्रेझरमध्ये तो मोनोसायटोजेनिसला मागे टाकतो, हे जुनंच दुखणं. त्यात तुमचा स्ट्रेन आम्ल, मीठ आणि नायट्राइटचा मार खाऊन आलेला. तो सावरेपर्यंत इनोक्युआ मैदान मारतो. म्हणून फ्रेझरची वाट न बघता हाफ फ्रेझरवरूनही प्लेट लावा, पद्धतीत ते आहेच.

आणि वलयावर फार विसंबू नका. निळा-हिरवा रंग बीटा-ग्लुकोसिडेज या एन्झाइमचा, तो लिस्टेरियाच्या सगळ्या जातींत येतो. वलय फॉस्फोलायपेज या दुसऱ्या एन्झाइमचं. आम्लाचा ताण सोसलेल्या मोनोसायटोजेनिसचं वलय अगदी फिकं येतं, कधी येतच नाही. ४८ तासांनी प्लेट तिरप्या उजेडात धरून बघा. उचललेल्या पाचही कॉलन्या इनोक्युआ निघाल्या तर थांबू नका. सुट्या कॉलन्या भरपूर उचला, रॅम्नोज, झायलोज (या साखरा आंबवतो का) आणि हीमोलिसिस (रक्तपेशी फोडतो का) या चाचण्या लावा. कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. सॉसेज मिसळल्यावर हाफ फ्रेझरचा पीएच उतरतो का, तेही मोजू का? आणि स्पाइक करताना, म्हणजे मुद्दाम जंतू टाकताना, ताजं कल्चर टाकावं की आधी ताण दिलेलं?

प्रतिसाद २
पीएच जरूर मोजा, मिसळल्यावर लगेच आणि इन्क्युबेशन संपल्यावरही. स्टार्टर कल्चरचे, म्हणजे सॉसेज आंबवायला घातलेले, लॅक्टिक जंतू मधल्या वेळात आम्ल करत राहतात. स्पाइक दोन्ही प्रकारे करा, सोबत स्पाइक न केलेला त्याच बॅचचा नमुना हवाच. इनोक्युआ सॉसेजमधूनच येतोय की दुसरीकडून, ते त्याशिवाय कळणार नाही.