शाळेत आहार आणि व्यायामाचे तास कसे आखावेत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या प्राथमिक शाळेच्या पालक-शिक्षक संघाने तिसरी ते सातवीच्या मुलांसाठी आहार आणि व्यायामाचे तास आखण्याची जबाबदारी माझ्याकडे सोपवली असून, त्यासाठी अनुभवी शिक्षक व आहारतज्ज्ञांचे मार्गदर्शन हवे आहे.

नियमांची वानवा नाही. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्येच शाळांच्या उपाहारगृहांत जंक फूडला मनाई केली, तर २०२० च्या केंद्रीय नियमावलीने जास्त चरबी, मीठ वा साखर असलेल्या पदार्थांची विक्री शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत बंद केली. मात्र डब्यातच पोळी-भाजीऐवजी क्रीमची बिस्किटे आणि वेफर्स येत असतील, तर बाहेरच्या टपरीला दोष देऊन काय उपयोग? ३०० मिलिलिटर कोलामध्ये साधारण आठ चमचे साखर असते. ती मुलांसमोर पेल्यात मोजून दाखवावी, असा माझा विचार आहे.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल सुचवते, पण परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला जातो (आणि पालकच त्यावर खूश असतात!). शिवाय वजन-उंची सर्वांसमोर मोजली की जाड मुलाला चिडवायला आयते निमित्त मिळते. ही नोंद खासगी ठेवून, कोणालाही न दुखावता पालकांपर्यंत कशी पोहोचवावी? लहान पटांगणात सबंध वर्गाला एकाच वेळी पळते ठेवणारे, लंगडी-खोखोखेरीज कोणते खेळ आपण घेता? आपल्या शाळेतील तासांचे आराखडे असल्यास कृपया कळवावेत.