'विश्वभेषज' म्हणजे नेमकं काय? आजोबांच्या वहीतल्या एका शब्दासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातून लिहितोय, शुक्रवार पेठेतून. माझे आजोबा गुळाच्या अडतीत दिवाणजी होते. वैद्य नव्हते, पण सकाळी अडतीत जायच्या आधी आमच्या सोप्यात चार माणसं औषधाला बसलेली असायची. त्यांची लाल पुठ्ठ्याची वही परवा माळ्यावर सापडली. वाळवीनं कडा खाल्ल्यात, अक्षर शाबूत आहे. ती टाइप करून घरच्यांसाठी छोटी पुस्तिका करतोय.

एका पानावर अडलोय. तिथं लिहिलंय, 'विश्वभेषज दोन मासे, गूळ दुप्पट. सकाळी. पावसाळ्यात सर्वांस.' (मासा म्हणजे जुनं वजन.) खालचा कागद फाटलाय.

आत्या म्हणते, विश्व म्हणजे सगळं, भेषज म्हणजे औषध, म्हणजे हे सगळ्या रोगांवरचं अचूक औषध, आणि त्याची कृती फाटक्या भागात गेली. तिनं मथळाही ठरवलाय, 'दादांचं रामबाण औषध'. मला ते पटत नाही. आजोबा 'हमखास बरं वाटेल' असं कुणालाच म्हणायचे नाहीत. 'चार दिवस घे, मग येऊन सांग' एवढंच. असा माणूस सगळ्या रोगांवर एकच औषध लिहून ठेवेल का? शिवाय वहीत दुसरीकडं सगळी नावं साधी आहेत, सुंठ, ओवा, बाळहिरडा. मग इथंच संस्कृत का? छापलेलं वाचून उद्या कुणी भलतंच काही घेतलं तर ते आजोबांच्या नावावर जाईल, म्हणून विचारतोय.

पानपिंपळ:
दादा, कृती फाटलेली नाही, ती तुमच्यासमोरच आहे. विश्वभेषज म्हणजे सुंठ. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाच्या वैश्यवर्गात, आलं-धण्यांच्या शेजारीच सुंठीची नावं दिलीत: 'शुण्ठी महौषधम्', आणि पुढं 'विश्वं नागरं विश्वभेषजम्'. सुंठ आणि दुप्पट गूळ, म्हणजे पावसाळ्यात घरोघरी करतात ती सुंठीची गोळीच. त्या ओळीच्या वर एखादा श्लोक उतरवलेला आहे का बघा. शब्द तिथून आला असेल.

आत्याबाईंनी केलेली फोड चूक नाही, पण नाव आणि दावा यांत फरक असतो. महौषध हे नाव तर अतिविषा या दुसऱ्या वनस्पतीलाही आहे. निर्दोष उपचार कशाला म्हणावं, हे चरकसंहितेच्या निदानस्थानात वेगळं सांगितलंय: एक रोग शमवून दुसरा उठवतो तो प्रयोग शुद्ध नव्हे, 'शुद्धस्तु शमयेद्यो न कोपयेत्'. सगळे रोग घालवणारं औषध, अशी अट तिथं नाही.

'रामबाण' मात्र कृपा करून छापू नका. रामबाण रस नावाचं वेगळं औषध आहे. ते अग्निमांद्यावर देतात, आणि त्यात पारा, गंधक आणि बचनाग ही विषारी मुळी असते. ते वैद्याला विचारल्याशिवाय घ्यायचं नसतं. पुस्तिका वाचून कुणी दुकानात तेच मागायला नको.

शब्दवेडी:
वरचं बरोबर आहे. एक भर घालते. हा शब्द सुंठीचं नाव होण्याच्या कितीतरी आधीचा आहे. ऋग्वेदात पाण्याला 'विश्वभेषजीः' म्हटलंय, वाऱ्यालाही. आणि दहाव्या मंडलातल्या साठाव्या सूक्तात हाताला: 'अयं मे विश्वभेषजोऽयं शिवाभिमर्शनः'. हा माझा हात सर्व औषधांचा, याचा स्पर्श सुखाचा.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. भिंगातून पाहिलं, वर खरंच श्लोकाची दीड ओळ आहे, शाई उडालेली. आता 'विश्वभेषज (सुंठ)' असं छापतो, रामबाण काढला.

आत्याला हाताची ओळ वाचून दाखवली. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, दादा गोळी कधी हातात द्यायचे नाहीत, आधी पाठीवर हात ठेवून 'भूक लागती का?' म्हणून विचारायचे. ते पुस्तिकेत घाल म्हणाली. त्या पानावर आता तेच येईल.