मदत हवी आहे: रेसला आवाज किती असतो? रविवारच्या आत उत्तर हवंय

वाईकर_केरीत
रविवारी बाबांना रेसला घेऊन चाललोय. तिकिटं काढून झालीत, परत होणार नाहीत. आवाज नक्की किती असतो? बाबांना झेपेल का? जिथे बघावं तिथे 'कानाला काहीतरी लावा' एवढंच लिहिलंय. काय लावायचं ते कुणीच सांगत नाही. काही मागवायचं असेल तर उद्याच मागवावं लागेल, म्हणून जरा लवकर सांगा.

तिरकी_रेघ
कुठली रेस? फॉर्म्युला वन, मोटरसायकल की घोड्यांची? गाव कोणतं? बाबांचं वय काय? एवढं तरी लिहा, मग सांगता येईल.

वाईकर_केरीत
नॅसकार हो, अमेरिकेतली मोटारींची रेस. व्हर्जिनियातला मार्टिन्सव्हिलचा ट्रॅक. वय ७२, तब्येत ठणठणीत, रोज चार मैल चालतात.

जयगड_ते_जर्सी
तिकिटं कुणाला तरी देऊन टाका आणि पुढच्या वर्षी ऑस्टिनला फॉर्म्युला वन दाखवा. डावीकडे वळत गोल गोल फिरायचं यात बघण्यासारखं काय आहे? बाबा अर्ध्या तासात कंटाळतील. मी एकदा टीव्हीवर लावली होती, वीस मिनिटांत बंद केली.

हजार_ब्रेक
टीव्हीवर वीस मिनिटं बघून मार्टिन्सव्हिलबद्दल मत देऊ नका, कृपा करून. मी या ट्रॅकला अकरा वेळा गेलोय. लांबी ०.५२६ मैल, आकार यू-पिनसारखा. दोन सरळ पट्टे ८०० फुटांचे आणि दोन्ही टोकांना आवळलेली वळणं. वळणांना आतल्या बाजूला उतार फक्त १२ अंशांचा, त्यामुळे गाडी नुसत्या वेगावर वळत नाही, ब्रेक मारावाच लागतो. सरळ पट्ट्यावर ताशी १२० मैलांच्या आसपास जाणारी गाडी वळणात जवळजवळ निम्म्यावर आणायची. शरदातल्या रेसला ५०० फेऱ्या, फेरीला दोनदा, म्हणजे हजार वेळा ब्रेक. तेही छत्तीस-सदतीस गाड्या एकमेकींना चिकटलेल्या असताना. हे कंटाळवाणं वाटत असेल तर माझ्याकडे उत्तर नाही.

आता तुमच्या प्रश्नाबद्दल. बाकांवर आवाज १०० डेसिबलच्या आसपास धरा, गाड्यांचा घोळका समोरून जाताना त्याहून जास्त. आवाज कमी करण्याचं रेटिंग ३० डेसिबलच्या आसपास असलेले, कान पूर्ण झाकणारे इअरमफ घ्या.

ध्वनी_आणि_मी
मी ऑडिओलॉजिस्ट आहे. अमेरिकेतल्या 'निऑश' या संस्थेची शिफारस अशी की ८५ डेसिबल आवाजात आठ तास थांबता येतं आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं मिळतात. रेस तीन-साडेतीन तास चालते. त्यामुळे कान झाकणं ऐच्छिक नाही, तुमचेसुद्धा झाका.
पण 'बाबांना झेपेल का' असं विचारताय त्याअर्थी कानाचं आधीच काही आहे का?

वाईकर_केरीत
हो, लिहायचं राहिलं. दोन्ही कानांना मशीन आहे, कानामागे लावायचं. एकतीस वर्षं एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत होते, तिथल्या आवाजाने ऐकू येणं कमी झालं. तेव्हा कानाला कापसाचा बोळा एवढंच असायचं.

ध्वनी_आणि_मी
हेच पहिल्या ओळीत हवं होतं! आता नीट वाचा.
मशीन चालू ठेवून वर मफ लावू नका. बंद पोकळीत आवाज परत माइकमध्ये जातो आणि ते शिट्टी मारतं. बंद करून कानात ठेवलं तर थोडा अडसर होतो, पण त्यावर संरक्षण म्हणून भरवसा ठेवता येत नाही. मशीन काढून डबीत ठेवा. कानात फोमचे इअरप्लग नीट पिळून, आत फुगेपर्यंत धरून बसवा, त्यावर मफ. दोन्ही लावले म्हणून दोघांच्या रेटिंगची बेरीज होत नाही, वरचे पाचेक डेसिबलच मिळतात, पण त्यांच्या बाबतीत तेही मोलाचे आहेत. ऐकू कमी येतं म्हणून कानाला आता धोका नाही असं समजू नका. जे शिल्लक आहे तेच जपायचंय. जमलं तर त्यांच्या डॉक्टरांना उद्या एक फोन करा.

पाटलांचा_धाकटा
बैलगाडा शर्यतीला मफ लागत नाहीत. २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने परवानगी कायम केली, आता गावोगावी घाट गजबजलेत. बाबांना गावी आणा, जिवंत शर्यत दाखवतो. इंजिनाला काय जीव असतो का.

तिरकी_रेघ
दादा, धागा कानाचा आहे.

सालेमची_सून
मार्टिन्सव्हिलपेक्षा बोमन ग्रेला न्या असं मी सांगेन. नॉर्थ कॅरोलिनात विन्स्टन-सेलमला आहे, पाव मैलाचा ट्रॅक, मध्ये फुटबॉलचं मैदान. १९४९ पासून तिथे दर आठवड्याच्या रेस होतात. आपल्या गल्लीतलीच माणसं गाडी चालवतात आणि भांडतात. तिथल्या खऱ्या शॉर्ट ट्रॅकच्या (मैलाहून लहान ट्रॅकच्या) गाड्या बघा, उजवीकडचं मागचं टायर घेराने मोठं लावतात म्हणजे गाडी आपोआप डावीकडे ओढते. बाबा मेकॅनिक असतील तर त्यांना हेच आवडेल.

हजार_ब्रेक
बोमन ग्रे मलाही प्रिय आहे, पण तिथला हंगाम उन्हाळ्यातल्या शनिवार रात्रींचा. आता ऑक्टोबर संपत आला. आणि मार्टिन्सव्हिल खोटा शॉर्ट ट्रॅक आहे का? १९४७ मध्ये मातीचा ट्रॅक म्हणून सुरू झाला, १९५५ मध्ये डांबर आलं. नॅसकारच्या १९४९ च्या पहिल्या हंगामापासून आजवर सलग वेळापत्रकात असलेला हा एकटाच. जिंकणाऱ्याला करंडक नाही, उभं लंबकाचं घड्याळ मिळतं, १९६४ पासून.

सालेमची_सून
खोटा कोण म्हणालं? मी फक्त पर्याय सुचवला.

जयगड_ते_जर्सी
आणि तो नियम, अपघातानंतर वेग कमी करायला पिवळा झेंडा लागला की एक फेरी मागे पडलेल्याला फेरी फुकट परत? ही कसली स्पर्धा?

हजार_ब्रेक
सगळ्यांना नाही, मागे पडलेल्यांतल्या सर्वांत पुढच्या एकालाच. आणि त्यामागे कारण आहे. २००३ पर्यंत अपघात झाल्यावरही गाड्या रेषेपर्यंत जिवाच्या आकांताने पळवत, कारण रेषा ओलांडेपर्यंत फेरी मिळवता यायची. ट्रॅकवर बंद पडलेल्या गाडीत माणूस बसलेला असायचा. ते थांबवण्यासाठी झेंडा लागताच क्रम गोठवला आणि बदल्यात ही सवलत दिली. माणसाच्या जिवासाठी केलेला नियम आहे तो.

वाईकर_केरीत
सगळ्यांचे आभार, पण माझी खरी अडचण वेगळीच आहे हे लिहिता लिहिता लक्षात आलं. मशीन काढलं की बाबांना काही म्हणजे काहीच ऐकू येत नाही. लग्नकार्यात बॅटरी संपली की ते कोपऱ्यात जाऊन बसतात. तीन तास मी शेजारी असून ते एकटे पडतील, याची भीती वाटते. आई गेल्यापासून पहिल्यांदाच आम्ही दोघं कुठेतरी निघालोय.

मुक्यानं_बोलू
माझी आई जन्मापासून ऐकत नाही. तिला मी दोनदा ब्रिस्टलच्या रात्रीच्या रेसला नेलं आहे. तुम्ही उलटं बघा. हिरवा झेंडा पडला की तिथे कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. सगळा माणूस हातवाऱ्यांनी बोलतो. आमची आई तिथे आम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं बोलत होती. जायच्या आधी आठ-दहा खुणा ठरवा: पाणी, बाथरूम, कोण पुढे, टायर बदलताहेत, निघू या. एक वही आणि जाड पेन घ्या, फोनवर टाइप करण्यापेक्षा वही बरी.

तिरकी_रेघ
हे मला सुचलंच नसतं. छान.

हजार_ब्रेक
तिकिटं कुठल्या रांगेची? जितकं वर तितकं बरं, पूर्ण ट्रॅक दिसतो. तिथला पिट रोड (टायर बदलायला गाड्या थांबतात तो रस्ता) तिसऱ्या वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंत गुंडाळलेला आहे, खालून अर्धं झाकलं जातं. आणि बाबांना सांगून ठेवा: एक फेरी वीस सेकंदांची, त्यामुळे हिरव्या झेंड्यात टायर बदलायला आलेली गाडी दोनेक फेऱ्या गमावते. सगळे पिवळ्याची वाट का बघतात ते यातून कळेल. ऊन उतरलं की वळणात शिरणाऱ्या गाड्यांच्या चाकांच्या आत बघा.

आजीचा_डबा
तिथलं गुलाबी हॉटडॉग प्रसिद्ध आहे, वर चिली, कोबी, कांदा. मांसाहारी आहे, बाबा खात नसतील तर डबा न्या. कोणती पिशवी चालते ते ट्रॅकच्या पानावर बघून घ्या.

वाईकर_केरीत
रांग ३४. डॉक्टरांशी बोललो, त्यांनीही मशीन काढायलाच सांगितलं. मफ आणि प्लग आणले. काल रात्री खुणा ठरवल्या. 'कोण पुढे' साठी बाबांनी मिशीला पीळ द्यायचं ठरवलंय.

तिरकी_रेघ
रेस झाली का? कळवा.

वाईकर_केरीत
आत्ता घरी पोचलो. सुरुवातीला दहा मिनिटं बाबा मफ दाबून धरून बसले होते, मला वाटलं निघावं लागणार. मग सत्तराव्या फेरीला त्यांनी माझा दंड धरला आणि वही मागितली. त्यानंतर वही माझ्याकडे आलीच नाही. कुठली गाडी वळणात आधी ब्रेक सोडते, कुठल्या गाडीचं पुढचं डावं चाक लवकर लॉक होतं, सगळं आकड्यांनिशी लिहिलंय. संध्याकाळी चाकांच्या आत नारिंगी उजेड दिसायला लागला तेव्हा ते उभेच राहिले, मागच्यांनी खांद्याला हात लावून बसवलं. शेजारच्या एका म्हाताऱ्या माणसाशी ते तासभर फक्त हातांनी बोलत होते. आपापसात काय ठरलं मला माहीत नाही, पण शेवटी दोघं एकमेकांना मिशीची खूण करत होते.

गाडीत मशीन परत घातल्यावर पहिलं वाक्य: "एवढं तापून ब्रेकची डिस्क तडकत कशी नाही? बीडाची आहे की पोलादाची, विचार त्या तुझ्या माणसांना." तर विचारतोय.

हजार_ब्रेक
बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची. बाबांना सांगा, या नव्या गाड्यांना पुढे पंधरा इंची डिस्क आहे आणि आतून हवा खेळायला पोकळ्या ठेवलेल्या असतात. शिवाय समोरून पाइपने चाकाकडे हवा सोडतात. तरी तडे जातातच. वहीतल्या त्या पानाचा फोटो टाकाल का? पुढचं डावं चाक लवकर लॉक होणारी गाडी कोणती होती ते मला बघायचंय.