मदत हवी आहे : इंजिनीअरिंगच्या मुलांचं गणित नेमकं कुठे कच्चं आहे, हे कसं ओळखावं?

मंडळी, मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, शिकवते. वर्गात काही मुलं बारावी-सीईटी करून आलेली, काही डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला. लाप्लास ट्रान्सफॉर्म (एका फलनाचं 'एस' या चलातल्या दुसऱ्या फलनात रूपांतर करायची रीत) सुरू झालं की दोघांचंही घोडं एकाच जागी अडतं, आणि ती जागा लाप्लासची नसतेच.

उदाहरण देते. १/(एस² + ४एस + १३) चा इन्व्हर्स काढायचा होता, म्हणजे उलट जाऊन मूळ फलन शोधायचं होतं. छेदाचं (एस + २)² + ९ केलं की पुढचं तक्त्यातून मिळतं, आणि तक्ता मुलांना तोंडपाठ असतो. एका मुलीने मात्र छेद फोडून १/एस² + १/४एस + १/१३ असं लिहिलं. मी विचारलं, "१/२ + १/३ किती?" लगेच ५/६ म्हणाली. "मग १/(२ + ३) म्हणजे १/२ + १/३ का?" बराच वेळ कागदाकडे बघून म्हणाली, "नाही मॅडम, आकड्यांत नाही होत. पण अक्षरांत चालतं ना?"

म्हणजे तिला अपूर्णांक येतात. अक्षर हाही एक आकडाच आहे, हे तिच्यापर्यंत कधी पोचलेलंच नाही. शेजारच्या मुलानेही हीच चूक केली होती, पण त्याला समच्छेद करणंच जमत नव्हतं. उत्तरपत्रिकेत दोघांची चूक सारखीच दिसते. "आठवीचं पुस्तक पुन्हा करून घ्या" हा सल्ला त्याच्या कामाचा आहे, तिच्या नाही.

प्रत्येकाला असं समोर बसवून विचारणं भरल्या वर्गात शक्य नाही. हा फरक कागदावर पकडणारी छोटी चाचणी कुणी बनवली आहे का? आणि वेळ कुठून काढता? एआयसीटीईचा (तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची नियामक संस्था) इंडक्शन, म्हणजे नव्या मुलांना रुळवणारा सुरुवातीचा कार्यक्रम, पहिल्या वर्षासाठी असतो. डिप्लोमाची मुलं तो चुकवून येतात, शिवाय प्रवेशफेऱ्या लांबल्या की अभ्यासक्रम सुरू झाल्यावर दाखल होतात. जादा तास लावले तर "कच्च्यांचा वर्ग" असा शिक्का बसतो आणि ज्यांना गरज आहे तीच मुलं येत नाहीत.

प्रतिसाद १
मॅडम, पर्याय देऊन विचारा, पण प्रत्येक चुकीचा पर्याय एका ठरावीक गैरसमजातून आलेला हवा. अमेरिकेत १९७८ च्या राष्ट्रीय चाचणीत विचारलं होतं : १२/१३ + ७/८ अंदाजे किती? पर्याय १, २, १९, २१. तेरा वर्षांच्या मुलांपैकी फक्त २४ टक्क्यांनी २ म्हटलं. १९ म्हणणारा अंश मिळवतो, २१ म्हणणारा छेद मिळवतो. न विचारताच कळतं.
तुमच्या त्या मुलीसाठी जोडीने प्रश्न घाला, आकड्यांतला एक आणि तोच अक्षरांत. √(९ + १६) आणि √(अ² + ब²). पहिला बरोबर, दुसरा चूक, तर अडचण अक्षरांची. दोन्ही चूक, तर खालपासून सुरुवात.
जादा तास नकोच. रोज तासाच्या सुरुवातीची पाच मिनिटं सगळ्या वर्गाला द्या, म्हणजे शिक्का कुणावरच बसत नाही. आणि सवय लावा : एस = १ ठेवून बघ. त्या मुलीच्या फोडीत डावीकडे १/१८, उजवीकडे एकाहून जास्त. चूक त्यांची त्यांनाच सापडते.

धागाकर्ती
मनापासून आभार. जोडीच्या प्रश्नांचा संच या आठवड्यात करायला घेते. एकच अडतंय : घातांक. २⁻³ म्हणजे १/८, पण −८ असं मुलं आकड्यांतच लिहितात, त्यामुळे तिथे जोडी लावून काही निष्पन्न होणार नाही. ८, ४, २, १ (म्हणजे २³, २², २¹, २⁰) अशी निम्मं करत उतरणारी ओळ देऊन पुढचे आकडे भरायला सांगायचा विचार आहे. कुणी असं करून पाहिलंय का?