अनुभव धागा : धावताना कंबर का दुखते?

साताऱ्याची डोंगरावरची अर्धमॅरेथॉन पावसाळा सरताना येते आणि मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत, त्यामुळे आपल्याकडच्या हौशी धावकांचे सरावाचे अंतर साधारण याच महिन्यांत वाढत जाते आणि कंबरदुखीच्या तक्रारीही त्याच्या मागोमाग येतात. गुडघा दुखला तर चार जण चौकशी करतात. कंबर दुखली तर मात्र ‘उसण भरली असेल’ किंवा ‘वाताचा त्रास असेल’ एवढ्यावर विषय मिटतो. म्हणून हा धागा फक्त कंबरेसाठी ठेवला आहे. लिहिताना तीन गोष्टी आवर्जून सांगाव्यात: दुखणे धावण्याच्या कोणत्या टप्प्यावर सुरू होते, ते एका बोटाने दाखवता येते की संपूर्ण कंबरेत पसरते, आणि शेवटी कारण काय निघाले. औषधांची नावे आणि मात्रा कृपया लिहू नयेत.

ज्यांच्या पायातील ताकद कमी झाली आहे, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला आहे, बसताना खुर्चीला टेकणारा भाग बधिर झाला आहे किंवा कंबरदुखीसोबत ताप येत आहे, त्यांनी हा धागा वाचत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

हिंजवडीकर

माझे दुखणे पहिल्या काही किलोमीटरमध्ये अजिबात जाणवत नसे. अंतर वाढले की कंबरेच्या दोन्ही बाजूंना आवळल्यासारखे होई आणि थांबून पुढे वाकल्यावर तात्पुरते बरे वाटे. मी बुटांना दोष देत होतो. फिजिओने मला टेबलाच्या अगदी कडेला उताणे झोपवले, एक गुडघा छातीशी धरायला सांगितला आणि दुसरा पाय खाली सैल सोडायला लावला. ती मांडी टेबलाला टेकायला हवी होती. माझी चांगली वीतभर वर तरंगत राहिली. कंबरेच्या मणक्यांपासून निघून मांडीच्या हाडाला जाऊन मिळणारा स्नायू दिवसभर खुर्चीत आणि उरलेला वेळ वाकड पुलाच्या वाहतुकीत बसून आखडला होता, आणि पाय मागे जाताना तोच मणक्यांना पुढे ओढत होता, असे त्यांनी समजावले. नुसत्या ताणाच्या व्यायामांनी मला फारसा फरक पडला नाही. नितंबांचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, विशेषतः एका पायावरचा ब्रिज (उताणे झोपून एका पायाच्या आधाराने कंबर उचलणे), नियमित सुरू केल्यावर मात्र लांबच्या धावेतही कंबर शांत राहू लागली.

सातारी माती

मला चढावर त्रास नाही, सपाटीवर नाही, फक्त उतारावर आहे. आमच्या स्पर्धेत यवतेश्वरचा घाट आधी चढायचा आणि मग तोच उतरायचा असतो. चढताना दम लागतो, पण कंबर मात्र उतरताना बोलते. मित्राने बाजूने केलेल्या चित्रफितीत कारण स्पष्ट दिसले. वेग आवरण्यासाठी मी खांदे मागे टाकत होतो, त्यामुळे कंबरेचा बाक वाढत होता, आणि पाऊल शरीराच्या बरेच पुढे, टाचेवर, गुडघा जवळजवळ ताठ ठेवून पडत होते. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार जमिनीकडून परत येतो, आणि गुडघा वाकला नाही तर त्यातला बराच हादरा वर सरकतो. आता उतारावर पावले आखूड आणि भरभर टाकतो आणि खांदे कंबरेच्या मागे जाऊ देत नाही. मांड्या जास्त भरून येतात हे खरे आहे, पण तो सौदा मला परवडतो.

रंकाळा

माझे दुखणे फक्त उजवीकडे होते. समोरून येणारी वाहने दिसावीत म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेने धावावे हा नियम मी पाळतो, पण पाणी वाहून जाण्यासाठी डांबरी रस्ता मधून उंच आणि कडेला उतरता केलेला असतो, त्यामुळे उजवे पाऊल कायम खालच्या पातळीवर पडत होते. सुरक्षिततेसाठी कडा बदलणे योग्य नव्हते, म्हणून जागाच बदलली आणि मैदानावर आलटूनपालटून दोन्ही दिशांनी फेऱ्या घेऊ लागलो. काही आठवड्यांत त्रास थांबला.

भरतीचे मैदान

मी बीड जिल्ह्यात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींचा सराव घेतो. वर मॅरेथॉनची चर्चा चालू आहे, पण महाराष्ट्रात पहाटेच्या अंधारात रस्त्यावर धावणारी सर्वांत मोठी फौज या मुलांची असावी, असे मला वाटते. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, दोघांनाही 100 मीटर आणि गोळाफेक अशी मैदानी चाचणी असते. मुलांचा गोळा 7.26 किलोचा आणि मुलींचा 4 किलोचा. मुले धावून झाल्यावर, थकलेल्या अंगाने, तंत्र न शिकता गोळा फेकतात आणि त्या वेळी कंबर एकाच वेळी मागे वाकते आणि पिळली जाते. त्यात भर म्हणून शेकडो उठाबशा आणि पोटाचे झटक्याचे व्यायाम असतात. ‘धावल्याने कंबर दुखते’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या मुलाला मी आता आधी गोळाफेकीबद्दल विचारतो.

एक बाब पालकांसाठी मुद्दाम लिहितो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाची कंबर मागे वाकताना नेमक्या एका जागी दुखत असेल आणि विश्रांतीनंतर पुन्हा धावू लागताच दुखणे परतत असेल, तर मणक्याच्या मागच्या बाजूला ताणामुळे बारीक तडा गेलेला असू शकतो. वेगवान गोलंदाजांना होणारी दुखापत हीच. सुरुवातीला ती साध्या एक्स-रेमध्ये दिसेलच असे नाही. आमच्याकडच्या एका मुलाला तेल लावून कंबर ‘बसवून’ घेण्यासाठी गावोगाव फिरवले गेले. एमआरआय केल्यावर निदान झाले आणि काही महिने धावणे बंद ठेवून तो बरा झाला. त्या वर्षीची भरती हुकली, याचे घरच्यांना अजून वाईट वाटते.

सकाळची उन्हे

ठाण्याहून लिहीत आहे. सिझेरियननंतर वर्षभराने मी पुन्हा धावायला लागले, तेव्हा कंबरेच्या अगदी खालच्या भागात, दोन्ही बाजूंना, जड आणि मंद दुखणे सुरू झाले. डिंकाचे लाडू झाले होते, आईने रीतीप्रमाणे पोटही घट्ट बांधले होते, त्यामुळे सगळे जागेवर आले असावे असा सर्वांचा समज होता. महिलांच्या फिजिओथेरपिस्टने मला उताणे झोपवून डोके किंचित उचलायला सांगितले आणि बेंबीच्या वर बोटे ठेवली. पोटाचे दोन उभे स्नायू गरोदरपणात दूर सरकले होते आणि त्यांच्यामधल्या फटीत तिची बोटे सहज आत जात होती. पोट बांधल्याने आधार वाटतो, पण त्या स्नायूंना काम करायला शिकवावेच लागते. श्वासासोबत पोटाचे खोलवरचे स्नायू आणि ओटीपोटाचा तळ आवळण्यापासून सुरुवात केली आणि धावणे बऱ्याच उशिरा, चालण्याच्या जोडीने परत आणले.

आणखी एक गोष्ट, जी बायका एकमेकींनाही सांगत नाहीत: धावताना लघवीचे थेंब जाणे आणि ही कंबरदुखी माझ्या बाबतीत एकाच अशक्तपणातून आली होती. पॅड लावून धावत राहण्यापेक्षा तपासणी करून घ्यावी.

पन्नाशीपार

एमआरआयच्या अहवालावर ‘डिस्क बल्ज’, म्हणजे मणक्यांमधली चकती फुगलेली, हे शब्द वाचले आणि घरात सुतक आले. ‘मणक्यात गॅप पडली आहे, आता धावणे विसरा’ असे मला सांगण्यात आले. दुसऱ्या तज्ज्ञांनी मात्र अहवाल बाजूला ठेवून आधी मला तपासले. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्याचा त्यांनी दाखला दिला: कंबर अजिबात दुखत नसलेल्या लोकांच्या तपासण्यांमध्येही चकती फुगल्याचे विशीत सुमारे 30 टक्के आणि ऐंशीत सुमारे 84 टक्के जणांत दिसते. म्हणजे चित्रात जे दिसते तेच दुखत असेल असे नाही. माझ्या बाबतीत एका स्पर्धेसाठी अंतर फार झपाट्याने वाढवले गेले होते, आणि ते कमी करून हळूहळू चढवल्यावर त्रास गेला. चकती अजून तशीच असावी.

नीरव

पन्नाशीपार काका, आपला अनुभव दिलासा देणारा आहे, तरीही माझा उलटा अनुभव शेजारी ठेवतो, कारण अहवाल बाजूला ठेवण्याचा सल्ला सर्वांना लागू होणार नाही. माझे दुखणे कंबरेत कमी आणि नितंबातून पोटरीपर्यंत जास्त होते. खोकलो की पायात वीज चमके. पुढे डाव्या पायाचा अंगठा वर उचलता येईना आणि टाचांवर चालता येईना, म्हणजे शीर खरोखरच दाबली गेली होती. मला शस्त्रक्रिया करावी लागली. दुखणे जितके खाली पायात उतरते तितके ते गांभीर्याने घ्यावे, असे माझे मत झाले आहे.

लीड्सहून

इंग्लंडमध्ये शिकत असताना मी धावण्याचे अंतर वाढवले आणि वजन उतरावे म्हणून जेवण घटवले. पाळी थांबली, आणि खरे सांगायचे तर मला ते सोयीचेच वाटले. काही महिन्यांनी माकडहाडाच्या वर, एका बाजूला, खोल दुखू लागले आणि त्या पायावर लंगडी घातली की कळ येत असे. तो त्रिकास्थीला, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाला, ताणामुळे गेलेला तडा निघाला. खाणे कमी आणि श्रम जास्त झाले की शरीर पाळी थांबवते आणि हाडेही ठिसूळ होऊ लागतात. पाळी अनियमित असलेल्या धावक मुलींनी कंबरदुखीला ‘स्नायू आखडला’ म्हणू नये.

गोदाकाठ

मी नाशिकला फिजिओथेरपीचा व्यवसाय करतो. वरचे बहुतेक अनुभव एकाच दिशेने जातात: दुखते कंबर, पण काम चुकवतो दुसराच कोणी. पेल्व्हिस, म्हणजे कंबरेखालचा हाडांचा कटोरा, काठोकाठ भरलेले पातेले समजा. मांडीचे पुढचे स्नायू आखडले की ते पुढे कलते, आणि एका पायावर उभे असताना नितंबाचा बाजूचा स्नायू कमी पडला की ते आडवे कलते. दोन्ही वेळी सावरण्याचे काम कंबरेच्या लहान स्नायूंवर येते. ते थकतात म्हणूनच हे दुखणे धावेच्या उत्तरार्धात येते. अशा वेळी मिनिटाला पडणाऱ्या पावलांची संख्या पाच ते दहा टक्क्यांनी वाढवून पाऊल आखूड केले तर बऱ्याच जणांना आराम पडतो. मिनिटाला 180 पावलांचा मंत्र मात्र सर्वांनी जपण्याची गरज नाही. उंची आणि वेगानुसार हा आकडा बदलतो.

याउलट एक प्रकार आहे. पहाटे कंबर अर्ध्या तासाहून अधिक काळ आखडलेली असते, रात्री उत्तरार्धात जाग येते, विश्रांतीने वाढते आणि धावल्यावर उलट मोकळे वाटते. वय चाळिशीच्या आत असते. अशा व्यक्तीने व्यायाम बदलत बसू नये, संधिवाततज्ज्ञांना भेटावे. हे दुखणे मणक्यांच्या दाहाचे असू शकते. कंबरपट्ट्याबद्दल अनेक जण विचारतात: तीव्र उसणीत एखाद-दोन दिवस वापरायला हरकत नाही, पण तो बांधून धावण्याचा सराव करू नये. तसेच साध्या कंबरदुखीत अंथरुणाला खिळून राहण्याचा सल्ला आता दिला जात नाही. झेपेल तेवढे चालत राहणे बरे.

वऱ्हाडी ऊन

माझ्या दुखण्याचा पाठीच्या कण्याशी संबंधच नव्हता. अकोल्याच्या एप्रिलमध्ये उशिरा धावायला निघायचो आणि पाणी कमी प्यायचो. कंबरेच्या एका बाजूला, बरगडीच्या खाली सुरू झालेली कळ लाटांसारखी येई आणि जांघेकडे सरके. बसून, झोपून, वाकून, कशानेच ती कमी होत नसे, आणि हाच स्नायूंच्या दुखण्यातला आणि यातला फरक असल्याचे नंतर डॉक्टरांनी सांगितले. पुढे लघवी लालसर झाली आणि सोनोग्राफीत मुतखडा दिसला. लांब धावेनंतर क्वचित लघवीत रक्त दिसू शकते असे धावकांच्या गटात कोणीतरी सांगितल्यामुळे मी थांबणार होतो. बायकोने तसे होऊ दिले नाही. स्थिती बदलूनही कळ थांबत नसेल तर फिजिओची वेळ घेण्याआधी लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्यावी.